मागच्या चाकाची धास्ती

मी एक जुना टायर आहे, मित्रांनो. मोटारसायकलचा, त्यातही मागच्या चाकाचा. आणि आधीच सांगून टाकतो, मी पहिल्यापासून भित्रा आहे. मोटारसायकलचा टायर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कुणीतरी रांगडा गडी येत असेल, रस्ते तुडवत जाणारा, कशाची पर्वा नसलेला. तसं काही समजू नका. पुढच्या टायरला निदान समोरचा रस्ता दिसतो. मला दिसतो तो मडगार्डचा पत्रा आणि पुढच्याने उडवलेली धूळ. खड्डा आला हे मला कळतं तेव्हा मी खड्ड्यात पोचलेलो असतो. अशा जागी ज्याचा जन्म गेला तो धीट कसा होणार?

त्यात माझं काम धरून ठेवण्याचं. इंजिनाची सगळी ओढ माझ्यावर, मागे बसणाऱ्या माणसाचा भार माझ्यावर, आणि एवढं सगळं घेऊन जमिनीला चिकटून राहायचं. तेही सगळ्या अंगाने नाही. टायर केवढाही मोठा असला तरी कुठल्याही क्षणी त्याचा तळहाताएवढाच भाग रस्त्याला टेकलेला असतो. तेवढ्या तुकड्याच्या भरवशावर माणसं गाडीवर बसतात, गप्पा मारतात, गाणी म्हणतात. मला मात्र त्या तळहाताएवढ्या जागेची चिंता कधी सुटली नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. दोऱ्यांच्या थरांवर काळं मऊ रबर चढवलं, लोखंडी साच्यात कोंबलं आणि वाफेची अशी धग दिली की अंगावर नक्षी उठली. बाहेर आलो तेव्हा अंगभर रबराचे बारीक बारीक केस होते. नव्या टायरला ते असतात, कधी हात लावून पाहा. पुढे कल्याणच्या एका दुकानात बरेच दिवस खुंटीला लटकलो आणि एका सकाळी हरिहर सबनीस यांनी मला खाली उतरवून घेतलं. त्यांनी मला नाकाशी धरून वास घेतला, अंगठ्याने दाबलं, नक्षीत नख घालून खोली पाहिली आणि मग मान डोलावली. इतक्या बारकाईने माझ्याकडे आधी कुणी पाहिलं नव्हतं. मी खूश झालो.

सबनीस राहायचे डोंबिवली पूर्वेला, चौथ्या मजल्यावर. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, शर्टाची इस्त्री कधी न मोडलेले गृहस्थ. बायको चित्रा, मुलगी क्षिप्रा, आणि खाली पार्किंगमध्ये आमची गाडी, असं त्यांचं कुटुंब. हो, कुटुंबच म्हणायचं. दर रविवारी ते गाडी धूत, स्पोक पुसत, माझ्या नक्षीत अडकलेले खडे एकेक करून काढत. "टायर चांगला निघाला हो," असं त्यांनी एकदा चित्राताईंना सांगितलेलं मी या कानांनी ऐकलं आहे. कान नाहीत ही गोष्ट वेगळी. वरच्या घरातलं बाकीचं मला गाडीजवळच्या बोलण्यांतून कळायचं.

मग त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले आणि त्याच सुमारास क्षिप्राला ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये नोकरी लागली. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कंपनीत ती तयार पंप तपासायची. जाण्यायेण्याचा प्रश्न आला तेव्हा ती म्हणाली, "गाडी नुसती उभी तर असते. मी नेते." हरिहररावांनी पेपरमधून डोकं वर काढलं नाही, पण त्या रात्री त्यांना झोप लागली नसावी. सकाळी ते खाली आले आणि गाडीभोवती उगाच फेऱ्या मारत राहिले.

शिकवायला मात्र तेच उभे राहिले. सोसायटीच्या मागच्या गल्लीत ते तिला म्हणाले, "हे बघ क्षिप्रा. हा उजव्या हाताखाली आहे तो पुढचा ब्रेक. तो आहे, पण नाही असं समजायचं."

"म्हणजे काय बाबा? मग दिलाय कशाला?"

"दिला असेल. पुढचा दाबलास की गाडी उलटी होते. माणूस हँडलवरून जातो. पायाखालचा मागचा ब्रेक, तेवढाच आपला. कळलं?"

"कळलं," ती हसून म्हणाली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे असंच शिकवतात. बाप लेकीला, भाऊ भावाला, मित्र मित्राला हेच सांगतो, आणि सांगणाऱ्यालाही ते कुणीतरी सांगितलेलं असतं.

हरिहररावांच्या सांगण्यामागे मात्र नुसतं ऐकीव नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ मुकुल तरुणपणी गोवेली फाट्याजवळ गाडीवरून गेला. वळणावर खडी पसरली होती, त्याने घाबरून पुढचा ब्रेक गच्च आवळला आणि हँडलवरून फेकला गेला. मागच्या सीटवर हरिहरराव होते. त्यांना खरचटलं, मुकुल उठलाच नाही. ही गोष्ट चित्राताईंनी क्षिप्राला सांगितली. हरिहरराव स्वतः मुकुलचं नावसुद्धा काढत नसत.

आता जे सांगतो ते मी त्या वेळी कुणालाच सांगू शकलो नाही. क्षिप्रा एकटी गाडी घेऊन जायला लागली त्याच आठवड्यात हरिहरराव एका पहाटे खाली आले. हातात फडक्यात गुंडाळलेला पाना होता. पुढच्या चाकाजवळ, जिथे ब्रेकची तार संपते, तिथे एक नट असतो. तो आवळला की ब्रेक कडक होतो आणि सोडला की सैल. ते गुडघ्याला हात देत कसेबसे खाली बसले, तो नट फिरवून फिरवून सैल केला आणि हँडलवरचा ब्रेक दाबून पाहिला. तो पार मुठीला टेकला तरी पुढचं चाक मोकळं फिरत होतं. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पोरीला त्यांनी मुकुलच्या वाटेवरून बाजूला काढलं होतं.

पण मला नवीच धास्ती बसली. मित्रांनो, बसमध्ये उभे असताना ड्रायव्हरने ब्रेक मारला की तुम्ही पुढे झुकता ना? गाडीचंही तसंच होतं. ब्रेक लागला की सगळा भार पुढे जातो. पुढचा टायर जमिनीत रुतून बसतो आणि मी मागे हलका होतो. म्हणजे गाडी थांबवायची खरी ताकद पुढच्यात. हलक्या हाताने, हळूहळू दाबला तर तो कुणाला फेकत नाही. मागचा ब्रेक एकटाच जोरात दाबला की माझं फिरणं बंद होतं आणि मी फरफटत जातो. फरफटणारा टायर सरळ जाईलच असं नाही. तो बाजूला सरकतो आणि सगळी गाडी आडवी व्हायला बघते.

ते दोन ब्रेकचं काम आता माझ्या एकट्याच्या गळ्यात पडलं होतं, आणि हे क्षिप्राला माहीत नव्हतं.

रोजचा रस्ता सांगतो म्हणजे माझी अवस्था कळेल. डोंबिवलीहून शीळ रोड, तिथे मेट्रोच्या कामाची माती, मग मुंब्रा बायपासचा चढ आणि उतार, आजूबाजूला कंटेनर, मग कळवा, मग ठाणे. बायपासच्या उतारावर मागून ट्रेलरचा भोंगा वाजला की माझ्यातली हवा थिजायची. क्षिप्रा पाय दाबायची, मी फरफटायचो. थोडासाच. एक हातभर. तिला वाटायचं गाडी जरा हलली. मला कळायचं की आज वाचलो.

पहिला मोठा दणका शीळ रोडवरच बसला. सकाळची वेळ, समोरून अचानक कुत्रं आडवं आलं. क्षिप्राने पायाने ब्रेक गच्च दाबला. खाली मऊ माती होती. मी अडकलो आणि उजवीकडे सरकायला लागलो. तिला मागून कुणीतरी गाडी ओढतंय असं वाटलं असणार. ती किंचाळली आणि तिने घाबरून ब्रेकवरचा पाय झटकन उचलला.

मी भित्रा असल्याचं सांगितलंच आहे. मोकळा होताच मी जमीन धरली. सगळ्या ताकदीने, जीव खाऊन धरली. मला वाटलं, मी तिला वाचवतो आहे. पण गाडी तिरकी असताना मी असं एकदम धरलं आणि गाडी उसळली, क्षिप्रा सीटवरून उचलली गेली आणि तिची हनुवटी टाकीवर आपटली. एका हाताने तिने हँडल पकडून ठेवलं म्हणून ती रस्त्यावर पडली नाही. घसरण्यापेक्षा असं एकाएकी धरणं जास्त वाईट असतं हे मला त्या दिवशी समजलं. मला हातपाय नाहीत, तरी हातपाय गाळणं म्हणजे काय ते मला विचारा.

ती कडेला उभी राहून पाणी प्यायली. हनुवटी लाल झाली होती. संध्याकाळी घरी चित्राताईंनी विचारलं तर म्हणाली, "कंपनीत पंपाचं झाकण लागलं गं." हरिहरराव तिच्या हनुवटीकडे बराच वेळ पाहत होते.

क्षिप्राच्या कंपनीत सोनल नावाची मैत्रीण होती, कल्याणची. तिचे वडील मूळ कोकणातले, ती स्वतः रस्त्यावर वाढलेली म्हणावी अशी बिनधास्त. दणदणीत मोटारसायकल चालवायची आणि सुटीच्या दिवशी बायकांना चालवायला शिकवायची. हनुवटीचं खरं कारण तिनेच काढून घेतलं.

"अगं ए, रविवारी ये. टिटवाळ्याच्या रस्त्याला मोकळं मैदान आहे, तिथे घसरवू."

"काय?"

"घसरवू. मुद्दाम. एकदा स्वतःहून घसरलीस ना, मग भीती अर्धी होते."

त्या रविवारी माझी पाचावर धारण बसली होती. जन्मभर ज्याची भीती वाटली तेच करायला आम्ही निघालो होतो. मैदानावर माती आणि बारीक खडी. सोनल बाजूला उभी राहून ओरडत होती, "सावकाश ये. आता मागचा दाब. दाबून ठेव! घसरतंय ना? घसरू दे. तू काय करायचं? काहीच नाय करायचं. खाली नको बघू, तिथे काय सोनं पडलंय का? जिथे जायचंय तिथे बघ. हँडलला फाशी नको देऊ, नुसतं धर. गाडी तिरकी असताना पाय उचलायचा नाय. सरळ झाली की मग उचल, तेपण हळू."

पहिल्यांदा क्षिप्राने खाली पाहिलं आणि गाडी आडवी झाली. वेग कमी होता, गुडघ्याला खडी टोचली तेवढंच. पुन्हा. पुन्हा. दुपारपर्यंत मी इतक्या वेळा फरफटलो की अंगाला चटके बसले. पण हळूहळू काहीतरी बदलत गेलं. मी बाजूला सरकायचो आणि वरून घाबरलेला झटका येत नसे. ती वर शांत असायची, दूर बघत असायची, आणि तिची नजर जिकडे असेल तिकडे गाडी आपोआप वळायची. मीही शेपटीसारखा तिच्यामागे यायचो. मग ती अलगद पाय उचलायची आणि मी अलगद जमीन धरायचो. घाबरलेल्याला कुणी ओढलं नाही तर तो आपणहून जागेवर येतो. माझं तरी तसंच झालं.

जाताना सोनलने हँडलवरचा ब्रेक दाबून पाहिला आणि कपाळाला हात लावला. "हा ब्रेक आहे की काय आहे? पार मुठीला टेकतोय!"

"सैल होते गं तार सारखी. जुनी गाडी आहे. आणि बाबा म्हणतात, पुढचा वापरायचाच नाही."

"बाबा काय पण म्हणतील. हे मागचं घसरणं सांभाळायला मी शिकवलं, पण मुळात ते घसरायला नको ना? दोन्ही ब्रेक हळूहळू एकत्र दाबायची सवय कर. आधी हा आवळून घे."

क्षिप्राने आवळून घेतला. शहाडला भिवाचं गॅरेज आहे, तिथे. भिवा म्हणाला, "ताई, मागचा टायर पण बघा. नक्षी गेलेली. मधून पार गुळगुळीत झालाय. पुढचा बघा, नवा कोरा! एकाच गाडीचे वाटतच नाहीत." ती म्हणाली, दिवाळीनंतर बदलू. मला वाईट वाटलं नाही म्हणणार नाही. एकेकाळी माझ्या नक्षीतले खडे वेचले जात. आता माझ्या अंगावर नक्षीच उरली नव्हती आणि मला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं जात होतं.

चार दिवसांनी पहाटे हरिहरराव पुन्हा पाना घेऊन खाली आले.

असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. क्षिप्रा नट आवळून आणायची, हरिहरराव सोडवायचे. भिवाने तार नवी घातली, तरी आठवड्यात ब्रेक सैल. "नवी तार टाकली तरी सैल? भुताटकी आहे काय तुमच्या पार्किंगमध्ये?" तो म्हणाला. क्षिप्रा हसली. मला हसू आलं नाही. ते भूत इस्त्रीचा शर्ट घालून पहाटे खाली उतरायचं आणि खाली बसताना गुडघ्याने कळवळायचं, हे फक्त मला माहीत होतं. मला त्यांचा राग येत नव्हता. मला नुसती भीती वाटायची. बोलता आलं असतं तर मी त्यांचा हात धरून ओरडलो असतो की अहो, पोरीला वाचवताय की घालवताय?

शेवटी तो दिवस आला. शहाडच्या पुढे मोहने गावात चित्राताईंच्या बहिणीकडे, विमलाबाईंकडे, सत्यनारायण होता. चित्राताई पूजेचं सामान घेऊन सकाळीच ओळखीच्यांच्या गाडीतून पुढे गेल्या. हरिहरराव मागून रिक्षाने जाणार होते. आदल्या संध्याकाळी त्यांनी गॅलरीतून क्षिप्राला आत येताना पाहिलं होतं. तिने दारात गाडी थांबवताना पुढचा ब्रेक लावला होता. गाडीचं नाक खाली दबलं ते त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. पहाटे ते खाली आले आणि या वेळी त्यांनी नट शेवटच्या आट्यापर्यंत सोडला.

आणि नेमकी त्या दिवशी रिक्षा मिळेना. रिक्षावाल्यांचा काही संप होता म्हणे. हरिहरराव नाक्यावर उभे राहून राहून परत आले. क्षिप्रा हेल्मेट घालत होती. "बाबा, बसा मागे. आरती चुकेल."

ते कित्येक वर्षांत कुणाच्या मागे बसले नव्हते. गोवेली फाट्यानंतर नाही. घाम पुसत ते गाडीकडे बघत राहिले. मग त्यांनी पुढच्या चाकाकडे एक नजर टाकली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जराशी निश्चिंती आली. आता ही उलटणार नाही, असं त्यांना वाटलं असणार. ते बसले. त्यांचा सगळा भार माझ्या गुळगुळीत अंगावर आला.

डोंबिवलीपासून कल्याणपर्यंत वाहनांची अशी कोंडी की क्षिप्रा पाय टेकत टेकतच गाडी पुढे काढत होती. पुढच्या ब्रेकची गरजच पडली नाही. शहाडचा पूल चढलो तेव्हा रस्ता मोकळा झाला. तिने वेग घेतला. हरिहररावांनी तिचा खांदा धरला.

पुलाचा उतार. समोर प्रवाशांनी भरलेला टेम्पो चालला होता. खाली एक माणूस हात करत होता. टेम्पोवाल्याने मागचापुढचा विचार न करता तिथल्या तिथे ब्रेक मारला. आणि त्याच ठिकाणी कुठल्यातरी डंपरमधून सांडलेली रेती पसरली होती.

क्षिप्राने दोन्ही ब्रेक एकत्र दाबले, शिकल्याप्रमाणे. हाताखालचा ब्रेक मुठीला जाऊन टेकला. पुढचं चाक मोकळंच. सगळं माझ्यावर आलं. मी रेतीवर होतो, अंगावर नक्षी नाही, वर दोन माणसं. मी अडकलो, आणि माझ्या हातून जमीन गेली. मी उजवीकडे सरकत सुटलो. टेम्पोची मागची फळी जवळ येत होती. टेम्पोत बसलेल्या बाईचे विस्फारलेले डोळे मला दिसले, म्हणजे गाडी किती तिरकी झाली होती बघा, मागच्या टायरला कधी समोरचं दिसत नाही.

"सोड! ब्रेक सोड! क्षिप्रा, सोड!" हरिहरराव मागून ओरडत होते.

नको, मित्रांनो, नको. मला तेव्हा फक्त एवढंच म्हणायचं होतं. तिने त्या क्षणी सोडलं असतं तर मी पुन्हा जीव खाऊन धरलं असतं, माझा स्वभावच तो, आणि दोघंही पलीकडे फेकले गेले असते. पलीकडच्या बाजूने समोरून ट्रक चढत होता. वडिलांचा आवाज तिच्या कानात, त्यांची बोटं तिच्या खांद्यात रुतलेली, आणि तिला काहीच करायचं नव्हतं. काहीच न करणं याच्याइतकं अवघड काम मी आयुष्यात पाहिलं नाही.

तिने पाय हलवला नाही. तिने टेम्पोकडेही पाहिलं नाही. टेम्पोच्या डावीकडे, कठड्याला लागून एक माणूस जाईल एवढी फट होती, तिची नजर त्या फटीत होती. मी फरफटत होतो, अंग जळत होतं, रबराचा वास सुटला होता. रेती संपली. डांबर लागलं. वेग उतरला. गाडीचं नाक त्या फटीकडे वळलं आणि मी मागून ओढला जात जात सरळ रेषेत आलो. तेव्हा तिने पाय उचलला, सोनलने सांगितला होता तसा, हळू. मी धरलं, हळू. टेम्पोच्या बाजूने घासत आम्ही फटीत शिरलो आणि थांबलो.

"काय मॅडम, दिसत नाय का?" टेम्पोवाला ओरडला आणि निघूनही गेला.

क्षिप्राने गाडी कडेला लावली. हरिहरराव कठड्याला टेकून खाली बसले होते, इस्त्रीच्या शर्टाला मातीची पर्वा राहिली नव्हती. तिने आधी त्यांचे हातपाय चाचपले. काही लागलं नाही याची खात्री झाली आणि मग तिचा राग उफाळून आला.

"पुढचा ब्रेक लागलाच नाही, बाबा! परवाच आवळून घेतलेला. हा भिवा काय फसवतो काय मला? थांबा, आत्ता फोन लावते त्याला."

"त्याला नको लावू."

"का नको? आत्ता मेलो असतो दोघं!"

"त्याने काही नाही केलं." हरिहरराव रस्त्याकडे बघत होते. "मी सैल केला."

तिला आधी कळलंच नाही. "कधी?"

"आज पहाटे."

"आणि आधी?"

"दर वेळी."

पुलावरून गाड्या जात होत्या. ती फोन हातात तसाच धरून उभी राहिली. मला वाटलं आता ती ओरडेल. ती त्यांच्या शेजारी मातीत बसली.

"मी किती वेळा पडता पडता वाचले, माहीत आहे तुम्हाला? ती हनुवटी... ते पंपाचं झाकण नव्हतं बाबा. घरी सांगितलं नाही. तुम्ही घाबराल म्हणून."

हरिहररावांनी चष्मा काढला. "मुकुलच्या मागे मी बसलो होतो," ते म्हणाले. किती वर्षांनी त्यांनी ते नाव घेतलं असेल! "मीच ओरडलो होतो त्याला. ब्रेक दाब म्हणून. त्याने दाबला. आज तुझ्यावरही ओरडलो. तू ऐकलं नाहीस म्हणून..." क्षिप्राने त्यांचं डोकं खांद्यावर घेतलं. दोघं रडले, भर रस्त्यात, येणाराजाणारा बघत असताना.

मग ते उठले. सीटखालचा पाना त्यांनीच मागून घेतला आणि तिच्यासमोर, दिवसाउजेडी, नट आवळला. पाना दोनदा निसटला. तिने ब्रेक दाबला, त्यांनी गाडी ढकलून पाहिली, पुढचं चाक जागचं हललं नाही. आरती चुकली होती. मोहन्याऐवजी आधी ते मला घेऊन भिवाकडे गेले, गाडी हातांनी ढकलत, शेजारी शेजारी चालत.

भिवाने मला चाकावरून उतरवलं आणि उजेडात धरलं. माझ्या अंगावर एका जागी रबर पार निघून गेलं होतं आणि आतून काहीतरी पांढरं डोकावत होतं.

"हे काय आहे?" हरिहररावांनी विचारलं.

"आतले दोरे, काका. रबर संपलं. याच्या मागे आता नुसती हवा."

त्यांनी त्या जागेवर अंगठा ठेवला, ज्या अंगठ्याने मला दुकानात दाबून पाहिलं होतं त्याच. तो बराच वेळ तिथेच होता. क्षिप्रा म्हणाली, "चला ना बाबा." ते म्हणाले, "थांब जरा." त्या अंगठ्याचा दाब मला आत दोऱ्यांपर्यंत जाणवत होता.

आता मी भिवाच्या गॅरेजबाहेर अर्धा जमिनीत पुरलेला आहे, अंगावर पांढऱ्या रंगाने पंक्चर असं लिहिलेलं आहे. काम संपलं, भीती संपली नाही. पुलावरून कुठलाही टायर किंचाळला की माझ्या काळजात अजून लक्क होतं.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागतो. उद्या सकाळी घरचं कुणीतरी तुम्हाला शाळेत सोडायला गाडी काढेल. बसण्याआधी खाली वाका आणि मागच्या टायरवरून हात फिरवा. नक्षी बोटांना लागली पाहिजे. दोन्ही ब्रेक दाबून बघायला सांगा, पुढचासुद्धा. उशीर होतोय म्हणून मोठी माणसं रागावतील, रागावू द्या. आणि तुमच्यासाठी घरात कुणाचा जीव घाबरत असेल, किंवा तुमचा कुणासाठी, तर ते तोंडाने बोला, त्याच्यासमोर बोला. सबनीसांच्या घरात बाप आणि लेक एकमेकांना जपायचं म्हणून गप्प राहिले, आणि त्या दिवशी पुलावर त्या दोघांच्या आणि रस्त्याच्या मध्ये फक्त माझे ते चार पांढरे दोरे उरले होते.